बिडी-तंबाखू सोडताना बोलक्या यंत्राचा उपयोग किती?

कापडाच्या दुकानात बिडी पेटवता येत नाही. एक ठिणगी थानावर पडली की भोक पडते, आणि चांगल्या थानाचे कटपीस होऊन जाते. हे आम्हांला आमच्या वडिलांनी गल्ल्यावर बसविण्याआधीच शिकविले होते. म्हणून आमच्या धंद्यातला माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर गिऱ्हाईक बसलेले असताना काही निमित्त काढून टपरीवर जातो, नाही तर गल्ल्यावर बसूनच गालात तंबाखूचा बार धरतो. विट्याला यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या कामगाराचीही हीच गत. सुताच्या धुरळ्यात आग चालत नाही, मग तळहातावर चुना मळला जातो.

आम्ही पहिल्या प्रकारातले. साताऱ्यात दुकान आणि सांगली-मिरजेकडे मालाची ने-आण, असा आमचा कारोबार. त्यात तीस वर्षे बिडी ओढली. गेल्या रमजानपासून ती बंद आहे. ती बंद होण्यात मोबाइलमधील एका बोलक्या यंत्राचा थोडा वाटा आहे. थोडा म्हणतो, सगळा नाही. आणि त्याच यंत्राने आमच्या घरात व दुकानात दोन-तीन वेळा भलतीच वाट दाखविली, त्यातली एक महागात पडली. बाजारपेठेतले अनेकजण हल्ली आम्हांला विचारतात की, मोबाइलवर बिडी सुटते म्हणे, खरे का? प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा एकदाच लिहिलेले बरे.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. याला चॅटबॉट म्हणतात. आपण लिहून किंवा बोलून विचारायचे, ते उत्तर देते. कल्पना नवी नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाचे असे यंत्र केले होते. ते समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारीत असे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि हा प्रकार घराघरांत गेला. गुगलचे जेमिनी हे यंत्र जून २०२४ मध्ये भारतात मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत मोबाइलवर मिळू लागले. त्यामुळे आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यालाही अडचण उरली नाही.

हे यंत्र बोलते कसे? त्याला जगभरचा प्रचंड मजकूर वाचायला दिलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दापाठोपाठ कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा ते अंदाज बांधते आणि उत्तर रचते. दुकानातला जुना सेल्समन गिऱ्हाइकाचे अर्धे वाक्य ऐकून बरोबर थप्पीतून कापड काढतो ना, तसेच काहीसे. पण सेल्समनला त्या गिऱ्हाइकाच्या घरी लग्न आहे की मयत, हे तोंडाकडे पाहून कळते. यंत्राला तोंड दिसत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

धूम्रपान सोडविण्यासाठी खास यंत्रेही निघाली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ‘फ्लोरेन्स’ नावाची पडद्यावरची बोलकी आरोग्यसेविका आणली आणि तिची पहिली चाचणी जॉर्डनमध्ये केली, कारण त्या देशात पुरुषांचे सिगारेटचे प्रमाण फारच जास्त आहे. तिची पुढची आवृत्ती ‘सारा’ एप्रिल २०२४ मध्ये आली. ती आठ भाषा बोले, त्यांत अरबी आणि हिंदी होत्या, मराठी नव्हती. अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हच कर्करोग केंद्राने ‘क्विटबॉट’ नावाचे यंत्र केले आहे. जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखू सोडविण्याच्या उपचारांविषयी पहिले मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात मोबाइलवरचे संदेश, अॅप आणि कृत्रिम बुद्धीची साधने यांना जागा दिली आहे. पण ती डॉक्टरांचा सल्ला आणि औषधे यांच्या जोडीला किंवा स्वतःची स्वतः मदत करण्यासाठी. वैद्याच्या गादीवर त्यांना कोणी बसविलेले नाही. साध्या मोबाइल संदेशांचा उपयोग होतो हे मात्र पुष्कळ चाचण्यांत दिसले आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार असे संदेश मिळणाऱ्यांत धूम्रपान सोडणाऱ्यांचे प्रमाण, फारशी मदत न मिळालेल्यांच्या साधारण दीडपट होते. बोलक्या यंत्रांबाबत एवढा भक्कम पुरावा अजून जमलेला नाही.

आता आमचा तजुर्बा.

रमजानमध्ये आम्ही दिवसभर बिडी ओढत नव्हतो आणि काही बिघडतही नव्हते. खजूर आणि पाणी झाले की मात्र पाय आपोआप बाहेर वळत. आमचा भाचा मिरजेहून आला होता. त्याने ते पाहिले आणि म्हणाला, “मामू, चौदा तास राहता येते तर उरलेल्या दहा तासांचाच प्रश्न आहे.” त्याने आमच्या मोबाइलमध्ये यंत्र चालू करून दिले आणि बोलून कसे विचारायचे ते दाखविले.

आम्ही पहिला हिशेब त्याच्याकडून करून घेतला तो पैशांचा नव्हे, वेळेचा. दिवसाला टपरीच्या आठ फेऱ्या, एका फेरीला दहा मिनिटे, म्हणजे ८० मिनिटे. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३३ तासांहून जास्त. महिन्याला तीन-चार दिवस आमचे दुकान मालकाविना चालत होते, हे तीस वर्षांत आमच्या ध्यानात आले नव्हते. बिडीचा खर्च माणूस सोसतो, पण आपण बाहेर असताना किती गिऱ्हाइके परत गेली असतील याचा विचार करून आम्हांला रात्री झोप लागली नाही.

दुसरा फायदा तलफेच्या वेळचा. निकोटीनची तलफ लाटेसारखी येते, काही मिनिटे राहते आणि ओसरते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, नंतर दोन ते चार आठवड्यांत जोर कमी होत जातो. त्या पाच मिनिटांत कोणी बोलायला असेल तर निभावते. डॉक्टर त्या वेळी हजर नसतो, घरच्यांना रात्री दोन वाजता उठवता येत नाही, आणि मित्राकडे जावे तर तो स्वतःच काडी पेटवून उभा. यंत्र मात्र केव्हाही जागे असते. आम्ही त्याला सांगून ठेवले होते की, तलफ आली म्हटले की उपदेश करायचा नाही. आमच्याकडून दुकानातल्या मालाची उजळणी करून घ्यायची. मग ते विचारी, पॉपलिन किती, अस्तर किती, कोणाची उधारी किती दिवसांची. उधारीचे नाव काढले की तलफ पळून जाते, हा आमचा अनुभव आहे.

निकोटीनच्या गोळीबाबतही त्याचा उपयोग झाला, पण अर्धाच. डॉक्टरांनी चघळायची गोळी दिली. आम्ही ती च्युइंगगमसारखी भराभर चावली आणि उचकी लागली. यंत्राला विचारले तेव्हा त्याने सांगितले की, हळूहळू चावायची, जिभेला चुरचुरले की थांबून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायची, परत थोडे चावायचे. ठीक. पण गोळीच्या आधी पंधरा मिनिटे आणि गोळी तोंडात असताना चहा-कॉफी घ्यायची नाही, नाही तर निकोटीन नीट शोषले जात नाही, हे त्याने आपण होऊन सांगितले नाही. आमच्याकडे तासाला चहा येतो. आठ दिवस गोळ्या वाया गेल्यावर आम्ही चहाबद्दल वेगळे विचारले, तेव्हा लगेच उत्तर मिळाले. जेवढे मागाल तेवढेच दाखविणारा सेल्समन असतो, तसा हा प्रकार.

ईदच्या दिवशी मिरजेला सासुरवाडीत जुने दोस्त भेटले आणि एक बिडी ओढली गेली. रात्री यंत्राला सांगितले. ते म्हणाले, एका चुकीने आधीचे दिवस वाया जात नाहीत, उद्यापासून पुढे चला. हे बोलणे आम्हांला फार उपयोगी पडले. पण पंधरा दिवसांनी, माल अडकल्याच्या काळजीत, आम्ही त्याला आधीच विचारले की आज फार त्रास आहे, एक ओढली तर चालेल का? त्याने पुन्हा तेच गोड बोलणे लावले: स्वतःला दोष देऊ नका. आम्ही एक नव्हे, तीन ओढल्या. चूक झाल्यावर जे वाक्य औषध होते, चुकीच्या आधी तेच परवानगी झाले. या यंत्रांना हांजी-हांजी करण्याची खोड आहे. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या कंपनीने एक सुधारणा काही दिवसांतच मागे घेतली, ती याचसाठी की यंत्र वापरणाऱ्याची प्रमाणाबाहेर वाहवा करू लागले होते. आमच्या वडिलांच्या वेळचा मुनीम असता तर त्याने चष्म्यावरून नुसते पाहिले असते.

परदेशी मजकुरावर वाढलेल्या या यंत्राची दुसरी खोड म्हणजे ते सगळ्यांना सिगारेटवाले समजते. आपल्याकडची स्थिती निराळी आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे होते आणि २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू खाणारे, म्हणजे चुना-तंबाखू, मिश्री, मावा, गुटखा वगैरे. राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर काय मिळते ते वाचकांना आम्ही सांगायला नको.

आमच्या भाभी पहाटे उठल्यापासून तीन वेळा मिश्री लावतात. त्यांच्यासाठी आम्ही उर्दूत बोलून विचारले की, मिश्रीची आदत कशी सोडवावी? यंत्राने मोठ्या आस्थेने गोड कमी खाण्याचे दहा उपाय सांगितले, आणि मधुमेह तपासून घ्या असेही सुचविले! हिंदी-उर्दूत मिश्री म्हणजे खडीसाखर. भाजून कुटलेल्या तंबाखूला आपल्या भागात मिश्री म्हणतात, हे त्याला त्या भाषेत ठाऊक नव्हते. भाच्याने गंमत म्हणून ‘मावा’ विचारला, तर दूध आटवण्यापर्यंत गोष्ट गेली. आपल्या दोन मोठ्या व्यसनांची नावे मिठाईची आहेत, आणि यंत्र बिचारे मिठाईवाल्याच्या दुकानात जाऊन उभे राहते. मराठीत आणि “भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावतात” असे फोड करून सांगितल्यावर उत्तर सुधारले. भाभींची मिश्री सुटलेली नाही. तीनवरून एक वेळेवर आली आहे.

आणखी दोन धोके येथेच नोंदवितो. आम्हांला या यंत्राने बिडीच्या बदल्यात ई-सिगारेट वापरून पाहा असे सांगितले. इंग्लंडमध्ये डॉक्टर तसे सुचवितात हे खरे. पण आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, साठा, आयात सगळे बंद आहे. एखाद्या व्यापाऱ्याने यंत्राचे ऐकून ती मागविली किंवा दुकानात ठेवली तर कायद्याच्या कचाट्यात सापडेल. दुसरे, दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्यांनी बिडी एकाएकी सोडताना डॉक्टरांना कळवावे. धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जात असते. धूर थांबला की तेवढ्याच गोळीचा जोर वाढतो. बिडी जरूर सोडावी, पण गोळीचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आता महागात पडलेली गोष्ट.

आमच्याकडे शिवणकाम करणारा एक कारागीर आहे, वय पस्तिशीच्या आत. हात असा की पठाणीची कॉलर त्याच्याकडूनच शिवून घ्यायची असे गिऱ्हाईक सांगून जाते. सहा वर्षांपासून मावा खातो. मशीनवर बसताना पुडी सोडायची आणि दुपारपर्यंत गालात. त्याला तिखट लागले की तोंडाची आग होऊ लागली. त्याने कोणाला न सांगता मोबाइलमधील यंत्राला विचारले की, तिखटाने तोंड जळते, घरगुती उपाय सांगा. यंत्राने थंड दूध, खोबरेल, जीवनसत्त्वाच्या गोळ्या असे सांगितले. त्याने मावा खातो हे सांगितले नाही, यंत्राने विचारले नाही. असे दोन महिने गेले. एके दिवशी जेवताना आमच्या लक्षात आले की हा घास लहान-लहान करून आत ढकलतो आहे. तोंड पुरते उघडतच नव्हते.

मिरजेला दाखविले. डॉक्टरांनी त्याला त्याचीच तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगितली. निरोगी माणसाची साधारणपणे तीन जातात. त्याची दोन जेमतेम गेली. गालाच्या आतली कातडी घट्ट, पांढरट झालेली. हा रोग मुख्यतः सुपारीने होतो, तंबाखू त्यात भर घालते, आणि पुढे यातून कॅन्सर होऊ शकतो असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तंबाखू काढून नुसती सुपारी खाल्ली तर चालेल का, असे त्याने विचारले. नाही, हे उत्तर मिळाले.

त्या रात्री आम्ही स्वतः त्याच यंत्राला तोच प्रश्न विचारला, फक्त पुढे एक वाक्य जोडले: मी सहा वर्षे सुपारी-तंबाखूचा मावा खातो. यंत्राने पहिल्याच ओळीत सांगितले की घरगुती उपाय करीत बसू नका, लवकर दातांच्या किंवा तोंडाच्या डॉक्टरांना दाखवा. उत्तर त्याच्याजवळ होते. दोन महिने ते बाहेर आले नाही, कारण एक वाक्य कमी होते. आमच्या दुकानात कोणी “तोंड जळते” म्हणाला असता तर मशीनवरच्या दुसऱ्या कारागिराने त्याच्या गालाकडे बघून लगेच म्हटले असते, मावा खातोस ना?

आपल्या भागाला या रोगाची ओळख नवी नाही. तासगाव तालुक्यातील अंजनी गावचे आर. आर. पाटील, सर्वांचे आबा, ग्रामस्वच्छता अभियानामुळे गावोगाव पोहोचलेले, राज्याचे गृहमंत्री आणि उपमुख्यमंत्री झालेले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कॅन्सरने ५७ व्या वर्षी गेले. तंबाखूची सवय होती, आणि ती सोडा म्हणून सांगणारी मोठमोठी माणसे त्यांच्या अवतीभवती होती. शरद पवारांनी स्वतः याच रोगाची शस्त्रक्रिया २००४ साली सोसली होती, तेही त्यांना सांगत. सांगणाऱ्याची उणीव नव्हती. म्हणून नुसते सांगणारे एक यंत्र खिशात आले एवढ्याने काम होईल, असे आम्हांला वाटत नाही.

माणसाचा आवाज हवा असेल तर तोही फुकट मिळतो, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तंबाखू सोडविण्यासाठी दूरध्वनी सेवा सुरू केली: १८००-११-२३५६. पुढे २०१८ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारखी केंद्रे तिला जोडली गेली. हा क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून बिडी, सिगारेट आणि तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. आम्ही किती वर्षे ते बंडल हातात धरले, पण क्रमांक वाचला नाही. भाभींशी तिकडच्या बाईंनी मराठीत बोलणे केले. मिश्री म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

ज्यांना यंत्राचा उपयोग करायचाच आहे त्यांनी सुरुवातीलाच त्याला सगळा माल दाखवावा. वय, काय खातो किंवा ओढतो, दिवसातून किती वेळा, किती वर्षे, कोणती औषधे चालू आहेत, तोंडात चट्टा किंवा जखम आहे का. व्यसनाचे गावठी नाव सांगितले तर त्याचा अर्थही सांगावा. मग त्याला बजावावे की, माझी स्तुती करू नकोस. मी एकाची परवानगी मागितली तर नाही म्हण. आणि तुला जे विचारायचे राहिले असेल ते मला विचार. हे शेवटचे वाक्य आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. स्वतःचे पूर्ण नाव, पत्ता, आधार क्रमांक देऊ नये. आपण बोललेले त्या कंपनीकडे जाते. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर यंत्र बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. तीन बोटांची तपासणी तर दुकानात बसल्याबसल्या होते.

कारागिराने मावा सोडून आता तीन महिने होत आले. तोंडाचे व्यायाम दिले आहेत, ते तो मशीन सुरू करण्याआधी करतो, आणि आम्ही ते करून घेतो. अडीच बोटांपर्यंत मजल आली आहे. पुढची तारीख सोमवारची आहे. आम्हीही बरोबर जाणार आहोत. तीस वर्षांच्या बिडीनंतर मामूंचे तोंडही एकदा पाहून घ्यावे, असे भाच्याचे म्हणणे आहे.